देवीचे व्रण आणि खिशातला कॅमेरा

देवळात कॅमेरा न्यावा की नाही, हा प्रश्न बहुतेक ठिकाणी दारावरची पाटीच सोडवून टाकते. फोटो काढण्यास सक्त मनाई आहे असे लिहिले की विषय संपला. पण ती पाटी गाभाऱ्यापुरती असते. गाभाऱ्याबाहेर पायऱ्या असतात. पायऱ्यांवर माणसे असतात, त्यांचे नवस असतात, कडेवरची पोरे असतात, थकलेले पाय आणि भरून आलेले डोळे असतात. तिथे पाटी नाही. तिथे कसे वागायचे हे ज्याचे त्याने ठरवायचे असते, आणि म्हणून धर्माचा खरा प्रश्न तिथेच सुरू होतो असे मला वाटते.

मी मूळची साताऱ्याची. तत्त्वज्ञान शिकवण्यात उमेदीची वर्षे गेली, आणि नवऱ्याच्या नोकरीपायी जयपूरला आले ती इथलीच झाले. जयपूरहून टोंकच्या रस्त्याला लागले की सांगानेर मागे पडते, शिवदासपुरा येते आणि चाळीसेक किलोमीटरवर चाकसू. त्याच तालुक्यात शील की डूंगरी या गावी टेकडीवर शीतलामातेचे देऊळ आहे. जयपूरचे महाराज माधोसिंह यांनी ते बांधले असे सांगतात. होळीनंतरच्या अष्टमीला तिथे मोठी जत्रा भरते. इकडच्या पंचांगाने ती चैत्र वद्य अष्टमी, आपल्या पंचांगाने फाल्गुन वद्य. आदल्या दिवशी घरोघरी रांधापुआ असतो. राबडी, पुए, ओलिया, पुऱ्या, पापडी सगळे करून ठेवायचे. अष्टमीला चूल पेटवायची नाही. थंड अन्नाचाच नैवेद्य देवीला दाखवायचा आणि तेच घरादाराने खायचे. याला इथे बासोडा म्हणतात. श्रावणातल्या शिळासप्तमीला आदल्या दिवशीचे खाणाऱ्या मराठी घरांना ही रीत परकी वाटणार नाही.

शीतला ही देवीच्या रोगाची देवता. भारतात त्या रोगाचा शेवटचा रुग्ण १९७५ साली सापडला आणि १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने रोग पृथ्वीवरून गेल्याचे जाहीर केले. रोग गेला, त्याची भीती गेली, तरी आया पोरे घेऊन टेकडी चढतातच. श्रद्धा नुसत्या भीतीवर उभी असते असे म्हणणाऱ्यांनी ही जत्रा एकदा पाहावी. आणखी एक गोष्ट मला इथे फार मोलाची वाटते. एरवी भंगलेली मूर्ती आपण पूजेतून काढतो, तिचे विसर्जन करतो. राजस्थानात शीतलामाता मात्र खंडित रूपातच पुजली जाते. तिचे पुजारी कुंभार, तिचे वाहन गाढव, तिचा नैवेद्य शिळा. जे जे आपण खालचे, अपुरे म्हणून बाजूला सारतो त्याला इथे देवीजवळ जागा आहे.

अशा ठिकाणी मी छोटा डिजिटल कॅमेरा घेऊन जाते. लोक विचारतात, फोन असताना हे कशाला? २०१० साली जगात बारा कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे कारखान्यांबाहेर पडले आणि त्यांतले बहुतेक असे खिशात मावणारेच होते. पुढे फोनने तो बाजार गिळला. तरी छोट्या कॅमेऱ्यांचे काही प्रकार टिकून आहेत, आणि त्यांचे गुणदोष तोलताना मला नेहमी असे दिसले आहे की दुकानदार ज्याला गुण म्हणतो तो पायऱ्यांवर दोष ठरू शकतो, आणि ज्याला तो उणेपणा म्हणतो तो तिथे उपयोगी पडतो. तेव्हा तोलायला काटा वेगळा हवा, आणि तो मला चाकसूजवळच सापडतो. चाकसू ही जैन भट्टारकांच्या परंपरेतली जुनी जागा, जैन ग्रंथांत तिला चंपावती म्हटले आहे. जैनांची पाच महाव्रते आणि पतंजलींचे पाच यम एकच आहेत: अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य, अपरिग्रह. त्यांतली तीन मी काट्याला लावते. अस्तेय, सत्य आणि अपरिग्रह.

आधी कॅमेऱ्यांची ओळख करून देते. पहिला प्रकार लांब झूमचा. पॅनासॉनिकच्या टीझेड मालिकेत ३० पट झूमचे कॅमेरे आले, त्यांचा आवाका २४ ते ७२० मिलिमीटर. सेन्सर मात्र चिमुकला, सुमारे ६.२ बाय ४.६ मिलिमीटरचा. दुसरा प्रकार एक इंची म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सेन्सरचा. २०१२ साली आलेला सोनीचा आरएक्स१०० हा त्याचा मूळपुरुष. सेन्सर १३.२ बाय ८.८ मिलिमीटर, झूम २८ ते १००, वजन सारे धरून २४० ग्रॅम. तिसरा प्रकार मोठ्या सेन्सरचा आणि झूम नसलेला: रिकोचा जीआर, २८ मिलिमीटरच्या एकाच भिंगाचा, आणि फुजीफिल्मचा एक्स१००, ३५ मिलिमीटरचा. त्यांचा सेन्सर साधारण २३.५ बाय १५.६ मिलिमीटर. क्षेत्रफळ काढून पाहा. दुसऱ्याचे पहिल्याच्या चौपट, तिसऱ्याचे तेरापट. प्रकाश तेवढ्या पटीने अधिक गोळा होतो. बाकी सगळे फरक याच्या मागून येतात.

आता अस्तेय. जे दिलेले नाही ते घ्यायचे नाही. २८ मिलिमीटरच्या भिंगातून चौकटीत एका माणसाचा कमरेवरचा भाग भरायचा तर मला त्याच्यापासून एका मीटरवर उभे राहावे लागते. तीच चौकट ७२० मिलिमीटरला भरायची तर सव्वीस मीटर लांब जावे लागते. दोन्ही फोटोंत माणूस तेवढाच मोठा दिसेल. पण एक मीटरवरून काढलेल्या फोटोतल्या माणसाने मला पाहिलेले असते. त्याच्या श्वासाच्या टप्प्यात मी आलेली असते, राम राम झालेले असते, त्याने हो म्हटलेले असते किंवा मान फिरवलेली असते. सव्वीस मीटरवरून यातले काहीच घडत नाही. देवीपुढे डोळे मिटून रडणारी बाई देवीपुढे रडत असते, माझ्यापुढे नाही. तिचे ते रडणे लांबून उचलणे म्हणजे दुसऱ्याचा नैवेद्य पळवणे होय. म्हणून लांब झूम हा डोंगरावरच्या पाखरांसाठी मोठा गुण असला तरी देवळाच्या पायरीवर मी त्याला दोषच मानते. ज्या कॅमेऱ्याला झूम नाही तो मला माणसाजवळ जायला लावतो. आपल्याकडे देवाला पाहायला जातात तेव्हा देवानेही आपल्याला पाहावे ही आस असते. पाहणे दुहेरी असले तरच पुरे होते. माणसांच्या बाबतीतही तोच नियम मी पाळते.

इथे एक अडचण सांगायला हवी. या छोट्या कॅमेऱ्यांचे शटर भिंगाच्या आतच असते, त्याचा आवाज जवळजवळ होत नाही. पूजेत व्यत्यय येत नाही हा त्याचा मोठा फायदा. पण त्याच मुकेपणाचा आडोसा घेऊन चोरून फोटो काढणेही सोपे जाते. उपकरण इथे आपला निर्णय घेऊन देत नाही, तो आपल्यालाच घ्यावा लागतो. मी कॅमेरा आधी हातात उघडा धरते, दिसू देते, मग विचारते.

सत्याचा काटा सगळ्यांत बारीक आहे. जत्रेत रात्रीपासून रांगा लागतात. पहाटे अजून फटफटायचे असते, पायऱ्यांवर दिव्यांचा पिवळा उजेड असतो. अशाच एका पहाटे एक म्हातारी पायरीवर टेकली होती. मांडीवर पितळी लोटा, शेजारी सकोऱ्यात राबडी, डोईवर लुगडी, म्हणजे इकडची ओढणी, पुढे ओढलेली. मी खालच्या पायरीवर बसले. मांजी म्हणून हाक मारली, कुठून आलात वगैरे बोलणे झाले. फोटो काढू का म्हटल्यावर तिने लुगडी आपल्या हाताने मागे सारली. गालावर, कपाळावर, नाकाच्या शेंड्यापर्यंत देवीचे व्रण होते. माझी नजर तिथे गेल्याचे तिच्या ध्यानात आले आणि ती म्हणाली, माताजीचा हात फिरलाय यावरून. लाज नव्हती की तक्रार नव्हती. एखादीने हातातले कडे दाखवावे तसे तिने ते व्रण दाखवले.

माझ्याजवळ त्या पहाटे दोन कॅमेरे होते, एक चिमुकल्या सेन्सरचा आणि एक एक इंची. दोन्हींनी तिचे फोटो काढले. घरी येऊन मोठ्या पडद्यावर शेजारी शेजारी लावले. चिमुकल्या सेन्सरला अंधारात प्रकाश पुरत नाही, मग आयएसओ वाढवावा लागतो आणि चित्रात दाणे उमटतात. ते दाणे काढायला कॅमेरा आतल्या आत चित्र पुसून गुळगुळीत करतो. कुठला दाणा सेन्सरचा आणि कुठला खळगा कातडीचा, हे त्याला कळत नाही. दोन्ही तो सारखेच पुसतो. त्या फोटोत म्हातारीचा गाल मेणासारखा सपाट आला होता. ज्या खुणेवर तिने आयुष्यभराची श्रद्धा ठेवली ती खूण यंत्राने कचरा समजून झाडून टाकली होती. एक इंची सेन्सरच्या रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने न पुसलेल्या, फाइलमध्ये दाणेही होते आणि व्रणही होते. एकेक खळगा, त्याच्या कडेची सावली, सगळे जागेवर होते. मोठा सेन्सर हा माझ्या लेखी तेव्हापासून सत्याचा प्रश्न आहे.

हा प्रश्न डिजिटल कॅमेऱ्याने आणला असेही नाही. माझ्या आजीलाही देवी आल्या होत्या. तिचा लग्नानंतर स्टुडिओत काढलेला एक फोटो घरी आहे. त्या काळी फोटोग्राफर काचेवर बारीक पेन्सिल चालवून चेहरे नितळ करून देत. तिचाही करून दिला. फोटो सुंदर आहे, पण ज्या गालावर मी लहानपणी बोट फिरवत असे तो गाल त्यात नाही. आजचे फोन हेच काम कोणी न सांगता करतात. एका क्षणात अनेक चित्रे घेतात, त्यांचे मिश्रण करतात, चेहरा ओळखून उजळवतात. अंधारात त्यांचे फोटो छोट्या कॅमेऱ्यापेक्षा सरस दिसतात हे खरे आहे, आणि साध्या आठवणीसाठी ते पुरेसे आहे हेही खरे. पण त्यांतले किती समोर होते आणि किती यंत्राने घातले, याचा हिशेब लागत नाही.

हा हिशेब ठेवायची शिस्त आपल्याकडे दुसऱ्या एका शास्त्राने फार चांगली घालून दिली आहे, आणि तिचे उदाहरणही चाकसूचेच आहे. चाकसूला गुहिल राजा बालादित्याचा संस्कृत शिलालेख सापडला. त्याचे वाचन देवदत्त रामकृष्ण भांडारकर यांनी एपिग्राफिया इंडिकात प्रसिद्ध केले. शिलालेख वाचणारा दगडावर ओला कागद थापून शाईचा ठसा घेतो. फुटलेले अक्षर ठशात फुटलेलेच येते. अभ्यासक ते जुळवून वाचतो तेव्हा आपली भर कंसात घालतो, म्हणजे वाचणाऱ्याला कळावे की दगडाचे कोणते आणि माणसाचे कोणते. खंडित देवीच्या गावी मला कॅमेराही असाच हवा, मोडलेले मोडलेले दाखवणारा. रॉ फाइल ठेवणारा, चेहरा नितळ करण्याची सोय बंद करता येणारा. चिमुकल्या सेन्सरचे बरेचसे कॅमेरे तयार जेपेगच हातात देतात. त्यांची ही उणीव मला त्यांच्या दाण्यांपेक्षा मोठी वाटते.

तिसरा काटा अपरिग्रहाचा. फिल्मच्या रोलमध्ये ३६ चित्रे असत. आज ६४ जीबीच्या कार्डात हजारो मावतात आणि आरएक्स१०० सेकंदाला १० काढू शकतो. इतके मिळत असले की हात थांबत नाही, आणि हात थांबत नाही तोवर मन लागत नाही. रिकोच्या जीआर थ्रीची बॅटरी सुमारे २०० चित्रांत संपते. सगळी परीक्षणे हा दोष म्हणून नोंदवतात आणि लग्नाचे फोटो काढणाऱ्यासाठी तो दोष आहेच. जत्रेत मला ती मर्यादा मानवते. प्रत्येक चित्राआधी हे हवेच आहे का असे विचारायला ती भाग पाडते.

काही उणिवा मात्र निखळ उणिवाच आहेत, त्यांना धर्माचा मुलामा देण्यात अर्थ नाही. आत-बाहेर सरकणाऱ्या भिंगात इथल्या ढूंढाड भागातली धूळ शिरते आणि सेन्सरवर जाऊन बसते. जीआर यासाठी बदनाम आहे आणि आरएक्स१००लाही यातून सुटका नाही. उन्हात मागचा पडदा दिसत नाही. जीआरला आणि पहिल्या आरएक्स१००ला डोळा लावून बघायची खिडकी नाही. एक्स१००ला आहे, आणि तिच्यातून चौकटीबाहेरचे जगही दिसत राहते. चौकटीत येणाऱ्या बाईच्या शेजारी तिची लेक उभी आहे, ती आईचा पदर धरून आहे, हे आधी कळते आणि कुठे थांबावे तेही कळते. मला हा त्या कॅमेऱ्याचा सर्वांत मोठा गुण वाटतो. त्याची किंमत आणि आकार हे त्याचे दोष. खऱ्या अर्थाने तो खिशात मावत नाही. अंधारात आपोआप उडणारा फ्लॅश हा बहुतेक छोट्या कॅमेऱ्यांचा दुर्गुण आहे. जावळ काढायला आणलेल्या पोराच्या डोळ्यांवर तो उडवणे ही लहानशी हिंसाच आहे. तो पहिल्या दिवशीच बंद करून टाकावा.

कॅमेऱ्याचे तोंड स्वतःकडे वळते तेव्हा चौथा प्रश्न उभा राहतो, आणि जयपूरला तो जुना आहे. महाराज सवाई रामसिंह दुसरे स्वतः छायाचित्रकार होते. १८८० साली ते वारले. काचेच्या ओल्या पट्ट्यांवर त्यांनी राजवाड्यातले, जनान्यातले फोटो काढले, आणि स्वतःचेही काढले, त्यांत एक शिवभक्ताच्या वेषात पूजेला बसलेला. तो फोटो पाहिला की मी बराच वेळ थांबते. पट्टी ओली असेतो सारे उरकायचे, तोवर हलायचे नाही, एवढी मेहनत घेणाऱ्या माणसाची भक्ती खोटी होती असे मी म्हणणार नाही. पण ज्या क्षणी भक्त आपण कसे दिसतो याचा विचार करतो त्या क्षणी देवाच्या जोडीला दुसरा प्रेक्षक येऊन बसतो. ज्ञानेश्वरांनी तेराव्या अध्यायात अदंभित्वाचे विवरण केले आहे. आपले पुण्य झाकून ठेवावे, मिरवू नये, असा त्याचा रोख आहे. फोन काढलेले चित्र त्याच क्षणी जगाला दाखवायची सोय देतो. छोट्या कॅमेऱ्यात चित्र घरी पोचेपर्यंत थांबते. मधल्या काही तासांत बासोड्याचे थंड जेवण होते, परतीचा प्रवास होतो, आणि दाखवायची घाई बऱ्याचदा आपोआप विरते.

कोणी म्हणेल, जिथे मूर्तीच मुळात प्रतिमा, तिथे प्रतिमेच्या प्रतिमेवर एवढा विचार कशाला? हा आक्षेप याच वाटेवरच्या संतांनी फार पूर्वी घेतला आहे. चाकसूला जाताना लागणारे सांगानेर हे संत दादूंचे शिष्य रज्जब यांचे गाव. दादूपंथ निर्गुणाचा, मूर्ती न मानणारा. त्या पंथाने पाच संतांची वचने पंचवाणी म्हणून जपली: दादू, कबीर, रैदास, हरदास आणि आपले नामदेव. पंढरीच्या विठ्ठलमूर्तीशी लहान मुलासारखा हट्ट धरणारे नामदेव राजस्थानच्या पोथ्यांत निर्गुणी संतांच्या पंगतीला बसले आहेत. मला यात विरोध दिसत नाही. औंढ्याला विसोबा खेचरांनी नामदेवांना जे शिकवले असे परंपरा सांगते, ते मूर्ती टाकून द्यायला नव्हते. एका ठिकाणी पाहायला शिकलेली नजर सगळीकडे लावायला होते. कॅमेऱ्याकडून मी एवढीच अपेक्षा करते. गाभाऱ्यातले त्याला सापडणार नाही, मोठ्या सेन्सरलाही नाही, आणि सापडायची गरजही नाही. तिथे तो बंद होऊन पिशवीत जातो आणि दोन्ही हात जोडायला मोकळे राहतात. मोठ्या कॅमेऱ्याचे ओझे गळ्यात असले की हे जमत नाही. छोटेपणाचा हा फायदा कुठल्याही तक्त्यात लिहिलेला नसतो.

माझा कौल असा. लांब झूमचा छोट्या सेन्सरचा कॅमेरा देवस्थानी नेऊ नये, तो अस्तेयातही नापास आणि सत्यातही. मोठ्या सेन्सरचा एकाच भिंगाचा कॅमेरा सर्वांत उत्तम, पण महाग. ज्यांना तो परवडत नाही त्यांनी एक इंची सेन्सरचा जुना, वापरलेला कॅमेरा घ्यावा आणि झूमला हात न लावता २८वरच ठेवावा. फोनच हाती असेल तर चेहरा नितळ करणारी सोय बंद करावी आणि एक मीटरचा नियम पाळावा. मग तोही चालेल.

आणि फोटो काढला की त्याची एक प्रत कागदावर छापून ज्याचा आहे त्याला पोचती करावी. फोटो काढतानाच गाव विचारून ठेवावे. पुढच्या अष्टमीला तिकडची माणसे टेकडीवर येतातच, त्यांच्या हाती दिला की पोचतो. त्या मांजींचा फोटो मी असाच पाठवला, सगळ्या व्रणांसकट.